म्हशीवर बसून आलेली सुईण

अमरावतीच्या राजापेठेतल्या बायकांचा ‘काय वाचू, काय पाहू’ नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात बेचाळीस जणी आहेत आणि त्या बेचाळीस जणींत विमलताईंचा शब्द म्हणजे कायदा होता. ‘होता’ का, ते पुढे येईलच.

विमलताई अडुसष्ट वर्षांच्या. मोरोपंत वकिलांच्या पत्नी, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. मोरोपंत जाऊन सहा वर्षं झाली. आता त्या मुलगा किशोर आणि सून चारुता यांच्याबरोबर राहत. दर शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्यांची शिफारस ग्रुपवर यायची. मालिकांना चांदण्या-बिंदण्या देणं त्यांना पसंत नव्हतं. हॉटेलं आहेत का ती? त्यांची मोजपट्टी वेगळी होती. एखादी मालिका बघताना हातानं दुसरं काय काम करता येईल, यावरून त्या तिची लायकी ठरवत.

गेल्या दिवाळीपासूनचंच बघा. मेळघाटातल्या एका निवृत्त वनरक्षकाच्या आठवणींच्या पुस्तकाबद्दल त्यांनी लिहिलं, ‘पहिली तीस पानं वगळा, त्यात सगळे सत्कार आहेत. एकतिसाव्या पानावर अस्वल येतं, तिथून सुरुवात करा.’ एका खुनाच्या मालिकेबद्दल लिहिलं, ‘खुनी दुसऱ्याच भागात ओळखू येतो, पण त्याच्या आईचं काम करणाऱ्या बाईसाठी शेवटपर्यंत बसा. मेथी निवडताना उत्तम.’ हिंदीत आलेल्या एका कोरियन मालिकेबद्दल लिहिलं, ‘रडू येतं, पण कशाचं ते कळत नाही. कणीक भिजवताना बघू नका, मीठ दोनदा पडतं.’ आणि सगळ्यात वरचा शेरा म्हणजे ‘हात रिकामे ठेवून बघा.’ हा शेरा चार वर्षांत त्यांनी फक्त सहा वेळा दिला होता. तो आला की त्या संध्याकाळी राजापेठेतल्या बऱ्याच घरांत नुसती खिचडी टाकली जाई.

सातव्यांदा तो शेरा दिला आणि विमलताई तोंडघशी पडल्या.

झालं असं की या हिवाळ्यात ‘उतारावरची धर्मशाळा’ नावाची मालिका सुरू झाली. दर शुक्रवारी एक भाग, असे आठ. एका जुन्या, विस्मरणात गेलेल्या कादंबरीवरून ती केली होती. नाव वाचताच विमलताई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. ही त्यांची आवडती कादंबरी! वर्गात पंचवीस वर्षं त्यांनी तिचं उदाहरण दिलं होतं. ‘शेवट करावा तर असा’ म्हणून कितीतरी पोरींना तो शेवट सांगितला होता. शेवट आधी फोडायचा नाही, हा ग्रुपचा नियम त्यांनीच केला होता. या कादंबरीसाठी त्यांनी स्वतःच तो मोडला.

‘मालिका अजून चालू आहे,’ त्यांनी लिहिलं, ‘पण शेवट मला तोंडपाठ आहे. सगुणेचे हाल बघून घाबरू नका. ती धर्मशाळेत अडकते, नदीला पूर येतो, नवरा पलीकडच्या तीरावर राहतो, आणि तिचे दिवस भरलेले. पण शेवटी त्या पुरातून सुईण येते, म्हशीवर बसून! घरात कोणी पोटुशी लेकसून असेल तर तिला मुद्दाम दाखवा. धीर येईल. हात रिकामे ठेवून बघा.’

मागच्या गल्लीतल्या आरतीनं तो शब्दन् शब्द मनावर घेतला. आरतीची लेक प्राजक्ता बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. पोर कंटाळलेली आणि घाबरलेली. आरतीनं तिला दर शुक्रवारी मालिका दाखवायला सुरुवात केली. प्राजक्ता मध्येच रडवेली झाली की आरती म्हणे, “थांब गं, सुईण यायची आहे अजून. विमलताईंनी सांगितलंय ना?”

आठवा भाग आला. विमलताई, किशोर आणि चारुता तिघंही बघायला बसली. नदी आली, पूर आला, धर्मशाळेतला कंदील आला. म्हैस काही आली नाही. सुईणही आली नाही. सगुणा गेली, बाळ गेलं, आणि तिचा नवरा पलीकडच्या तीरावर गुडघे टेकून बसला. त्यावर नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

विमलताईंचा संताप अनावर झाला. “मेल्यांनी शेवट बदलला! कोणी अधिकार दिला यांना?” त्यांनी तिथल्या तिथे ग्रुपवर चांगला हातभर लांब मजकूर टाकला. त्यात ‘साहित्याचा खून’ असेही शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपमधल्या सुभद्रेचं उत्तर आलं. सुभद्रा ग्रंथालयात नोकरी केलेली, शब्द जपून वापरणारी बाई. तिच्याकडे कादंबरीची जुनी प्रत होती. तिनं शेवटच्या चार पानांचे फोटो टाकले आणि खाली एवढंच लिहिलं, ‘ताई, पुस्तकातही असंच आहे.’

विमलताईंनी फोटो मोठे करून वाचले. पुन्हा वाचले. सगुणा पुस्तकातही मरत होती. त्या चार पानांत म्हैस नव्हती, सुईण नव्हती, काही नव्हतं.

तेवढ्यात आरतीचा फोन आला. ती ओरडली असती तरी चाललं असतं. ती हळू आवाजात बोलत होती, ते जास्त लागलं. “प्राजू काल संध्याकाळपासून रडतेय ताई. बीपी वाढलं. डॉक्टर येऊन गेले, आता बरं आहे म्हणाले. पण तुम्ही लिहिलं होतं म्हणून दाखवलं हो मी.”

 “चुकलं माझं,” एवढंच विमलताई म्हणाल्या. पण काय चुकलं, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

किशोर भला माणूस. त्यानं आईला टोचून काही विचारलं नाही. पण सुभद्रेकडून ती कादंबरी आणून त्यानं दोन दिवसांत सगळी वाचून काढली. मग संध्याकाळी चहाच्या वेळी तो आईजवळ येऊन बसला.

“आई, माझं नाव तू या कादंबरीवरून ठेवलंस ना? सगुणेच्या बाळाचं नाव किशोर होतं म्हणून?”

“हो. तुझ्या आजोबांना भास्कर ठेवायचं होतं. मी ऐकलं नाही.”

“यात किशोर नावाचं कोणीच नाही गं. आहे ते बाळ नावाशिवायच जातं.” त्यानं कप खाली ठेवला. “गेल्या महिन्यात तू नळवाल्याला दोनदा बोलावलंस. दूध तापत ठेवून देवळात गेलीस. या वयात होतं असं, त्यात लाजायचं काही नाही. मी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे.”

 विमलताईंची थोरली बहीण माणिकबाई शेवटी-शेवटी स्वतःच्या लेकींना ‘तुम्ही कोणाकडच्या’ असं विचारायची. तिचीही सुरुवात अशीच झाली होती, कधी न घडलेल्या गोष्टी ठासून सांगण्यानं. पुढच्या शनिवारी दहा वाजून गेले तरी ग्रुपवर शिफारस आली नाही. बाकीच्या एक्केचाळीस जणींपैकी एकीनंही ‘का’ म्हणून विचारलं नाही. विमलताई दिवसभर मेथीची एकच जुडी निवडत बसल्या.

कारण गोष्ट नुसत्या कादंबरीची नव्हती. ती म्हैस खोटी असेल तर अंजनगावची ती दुपार खोटी, आणि ती दुपार खोटी असेल तर मग आपल्या आयुष्यातलं खरं म्हणून धरायचं तरी काय, असं त्यांना झालं होतं.

मोरोपंतांनी वकिली सुरू केली ती अंजनगाव सुर्जीला. विमलताईंचं पहिलं बाळ तिथेच पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यापासूनच खाटेवर झोपवलं. खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा सरकवल्या आणि डाव्या कुशीवर पडून राहायचं, हात वर करायचा नाही, असं सांगितलं. हात वर करायचा नाही म्हणजे पुस्तकही धरायचं नाही. वाचल्याशिवाय घास न उतरणाऱ्या विमलला ही जन्मठेपच होती. सासूबाई जीव लावायच्या, पण त्यांचं सगळं प्रेम काढ्यांतून व्यक्त व्हायचं.

मग शेजारच्या गोदाबाई आल्या. नत्थुजींच्या घरधनीण. त्यांची पंधरा एकर काळी जमीन, गोठ्यात सहा जनावरं, पानमळा. गोदाबाई विमलपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आणि चौथी शिकलेल्या. एकदा दुपारी सहज डोकावल्या, विमलचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, “पुस्तक कुठी हाये? आना इकडं. म्या वाचतो, तुमी आयका.”

त्या दिवसापासून रोज दुपारी, जेवणं उरकली की गोदाबाई हात पुसत यायच्या. खाटेच्या उशाशी पाटावर बसायच्या. ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. जोडाक्षर आलं की बैल दगडाशी थांबतो तशा थांबायच्या, त्याच्याकडे रागानं बघायच्या, मग जोर लावून पुढे जायच्या. विमलमधली शिक्षिका पडल्या-पडल्या हळूच ते अक्षर सांगायची. ‘उतारावरची धर्मशाळा’ संपायला अडीच महिने लागले. एवढ्या सावकाश कादंबरी ऐकली की ती आपल्याच घरात घडल्यासारखी होते. सगुणेचं सासर, तिची नणंद, तिचा तो मुखदुर्बळ नवरा, सगळे विमलच्या खाटेभोवती वावरायचे. बाहेर पानमळ्यातल्या पाटाचं पाणी वाहायचं. गोदाबाईंच्या हाताला सारवणाचा वास यायचा. आयुष्यात पुढे विमलताईंनी शेकडो पुस्तकं वाचली, मोठमोठे पडदे बघितले, पण त्या दुपारींइतकं सुख त्यांना पुन्हा कशात मिळालं नाही. हे त्या मोरोपंतांनाही उघड सांगायच्या.

शेवट ऐकला त्यानंतर महिन्याभरानं किशोर झाला. पुस्तक गोदाबाईंनी कधीच वाचनालयात परत दिलं होतं. मग वकिली अमरावतीला हलली आणि राजापेठेत घर झालं. कादंबरी बाजारातून गेली. पुन्हा वाचायची वेळच आली नाही, आणि तोंडपाठ असलेलं पुस्तक पुन्हा कशाला वाचायचं?

“मला गुरुवारच्या आधी अकोल्याला ने,” विमलताई किशोरला म्हणाल्या. “गोदाबाई तिथे त्यांच्या मुलाकडे, श्यामकडे असतात. त्या नाही म्हणाल्या तर मी मुकाट्यानं डॉक्टरांकडे येईन.”

किशोरनं बायकोकडे बघितलं. चारुता म्हणाली, “जा ना घेऊन. त्यांना तरी कुठे एवढं आठवत असणार?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण विमलताईंनी ते ऐकलं.

रविवारी सकाळी दोघं निघाली. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या आणि वेचणीला आलेला कापूस पांढरा फुटला होता. एरवी विमलताई गाडीत बसल्या की किशोरला कुठली तरी मालिका पहिल्या भागापासून सांगायच्या. आज त्यांनी एकाही मालिकेचं नाव काढलं नाही. ते त्याला जास्त काळजीचं वाटलं.

श्याम शेतकी विद्यापीठात नोकरीला होता. त्याचं घर मोठं, दारात पेरूचं झाड. समोरच्या खोलीत गोदाबाई पलंगावर बसून मोठ्या आवाजात टीव्ही बघत होत्या. शहात्तरी गाठलेली, जाड चष्मा, पण पाठ अजून सरळ. नत्थुजी गेले तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, दोघींची शेवटची भेट झाली होती.

“कोन? वकीलीनबाई?” त्यांनी चष्मा वर केला. “बापा बापा! या नं, या. अन् हा कोन, किशोर? केवढा झाला हो! इकडं बस, मायाजवळ.”

पाणी झालं, विचारपूस झाली. कोणाचे गुडघे, कोणाची साखर. श्यामची बायको आत चहा ठेवायला गेली. विमलताईंना दम निघेना.

“गोदाबाई, अंजनगावला तुम्ही मला धर्मशाळेची कादंबरी वाचून दाखवली होती. आठवते?”

“आठोते नं. तुमी खाटीवर अन् मी पाटावर.”

“तिच्या शेवटी काय होतं?”

गोदाबाईंनी हातातलं रिमोट उचललं आणि टीव्ही बंद केला.  “काहून इचारून राहिल्या आता?”

विमलताईंनी सगळं सांगितलं. मालिका, शिफारस, सुभद्रेनं पाठवलेली पानं, प्राजक्ता, गुरुवारचे डॉक्टर.  “मला म्हैस आठवते हो. पुस्तकात म्हैस नाही. सगळे म्हणतात माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. मलाही तसंच वाटायला लागलंय. तुम्ही खरं काय ते सांगा. वाईट असलं तरी सांगा.”

गोदाबाई पदराचं टोक बोटांत फिरवत बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, “पुस्तकात मेलीच होती थे. म्या नाई मरू देली.”

किशोर पुढे सरकला. “म्हणजे?”

“म्हंजे काय? आता तुले काय सांगू, बापू. तुया आईपुढं वाचाचं म्हंजे मले धाक. मास्तरीन बाई! अडखळाले नोको म्हून मी रोज सकाळी चुलीपाशी बसून तेवढी पानं आंदी वाचून घेत जावो. तरीबी दुपारी अडखळोच, थे सोड. त्या दिवशी चुलीवर दूध ठेवलं अन् शेवटचं वाचाले घेतलं. वाचलं तं थे मेली. लेकरूबी गेलं. इकडं सारं दूध उतू गेलं, मले पत्ताच नाई. सासू बोंबलली तवा भानावर आली.” त्यांनी विमलताईंकडे बघितलं. “तुमचं पयलं गेलेलं. खाटीखाली इटा. डॉक्टरनं सांगतलं होतं का बाईले धक्का नोको. दोन महिने तुमी रोज मले इचारत होत्या, सगुणेचं काय होईन हो गोदाबाई, सगुणेचं काय होईन. अन् म्या दुपारी येऊन तुमाले सांगू का थे मेली? कोनत्या तोंडानं सांगू?”

“मग?”

“मंग काय, पुस्तक डोयापुढं धरलं अन् मनात येईन थे बोलत गेली. लय घाबरली होती. म्हटलं, आता ही मास्तरीन पकडतेच मले.”

विमलताईंना तेव्हा एकदम आठवलं. त्या शेवटच्या दुपारी गोदाबाई एकदाही अडखळल्या नव्हत्या. एकही जोडाक्षर आडवं आलं नव्हतं. ओळीवर बोट नव्हतं. घडाघडा, पाण्यासारखं वाचलं होतं. आणि खाटेवर पडलेल्या विमलला काय वाटलं होतं? तिला वाटलं होतं की आपल्या शिकवण्याचा गुण आला! त्या दिवशी मोरोपंत कोर्टातून आल्यावर तिनं त्यांना अभिमानानं सांगितलंही होतं, की गोदाबाई आता कुठल्याही पुस्तकाला हार जाणार नाहीत. शिक्षक माणसाशिवाय दुसऱ्या कोणाची अशी फसगत झाली नसती. त्या एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. बेचाळीस वर्षं आपण सगळ्यांना सांगत आलो की शेवट करावा तर असा, आणि तो करणारी बाई ही इथे पलंगावर बसली आहे. तिला आपण कधी साधं ‘छान वाचलंत’सुद्धा म्हटलं नव्हतं.

“रडू नोका बाई,” गोदाबाई घाबरून म्हणाल्या. “म्या खोटं बोलली, चुकलंच माहं. वाचनालयात पुस्तकबी दुसऱ्याच दिवशी देऊन आली, तुमी पाहान म्हून.”

“आणि किशोर?” किशोरनं विचारलं.  “बाळाचं नाव किशोर कसं?”

“थे आपलं तोंडात आलं. तिकडं तिवसा गावाले माहा मावसभाऊ हाये किशोर. लायनपनी मोठा गोरागोमटा होता, थोच डोयापुढं आला.” गोदाबाई जरा ओशाळल्या. “आता टक्कल पडलं त्याले.”

किशोरचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. मग तो आईजवळ येऊन बसला. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, “गुरुवारची वेळ रद्द करतो. आई, मला माफ कर.” विमलताईंनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. तो बराच जोरात होता. आठ दिवसांची धास्ती त्यात होती.

गोदाबाई मात्र दुसऱ्याच विचारात होत्या. “थे आरतीची पोर,” त्या म्हणाल्या, “थे अजून रडूनच राहिली का?”

“बरी आहे म्हणतात. पण गप्प-गप्प असते.”

“तिले कोनं सांगतलं का, सगुणा मेली नाई म्हून?”

“अहो, पण पुस्तकात तर ती...”

“पुस्तक लिवनारीले काय मालूम? थे थोडीच गेली होती नदीवर.” गोदाबाईंनी हात झटकला. “फोन लावा तिले. सांगा.”

“तुम्हीच सांगा ना. तुमची गोष्ट आहे.”

गोदाबाई आठवू लागल्या. डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिल्या. “मले कुठी आठोते, बाई?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तोंडाले येईन थे बोलली अन् घरी जाऊन गुरं पाजली. म्हैस होती का? म्हशीचं मले आता तुमच्याकडूनच कयलं. बाकीचं सारं पुसून गेलं. तुमीच सांगा.”

विमलताईंच्या लक्षात आलं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी गुरुवारी आपल्याला डॉक्टरांकडे नेणार होते, ती साऱ्या जगात फक्त आपल्याच डोक्यात शिल्लक होती. कुठल्या कागदावर नाही, जिनं रचली तिच्याजवळ नाही. आपण विसरलो असतो तर सगुणा खरोखरच मेली असती.

किशोरनं आरतीला फोन लावला. आरती आधी नको म्हणाली. मग किशोर तिच्याशी दोन मिनिटं काय बोलला कोण जाणे, तिनं फोन प्राजक्ताच्या उशाशी नेऊन ठेवला. किशोरनं आपला फोन पलंगावर, दोघींच्या मध्ये ठेवला.

“प्राजक्ता, मी विमलकाकू. कशी आहेस?”

“पडून आहे,” पलीकडून बारीक आवाज आला.

“डाव्या कुशीवर?”

“हो.”

“मग ऐक. त्या मालिकेनं तुला अर्धवटच सांगितलं. पुढचं मी सांगते. तू फक्त ऐकायचं.”

आणि विमलताईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. धर्मशाळेत कंदिलाचं तेल संपत आलं होतं. पलीकडच्या तीरावर नवऱ्यानं हाका मारमारून सारा गाव उठवला. नावाडी म्हणाला, नाव टिकणार नाही. तेव्हा पुढे झाली गावची म्हातारी सुईण. ती म्हणाली, नाव बुडते, म्हैस बुडत नाही. गोठ्यातली थोरली म्हैस सोडा...

“चंद्री,” गोदाबाई पुटपुटल्या. “आमच्या म्हशीचं नाव चंद्री होतं.”

“चंद्रीच,” विमलताई म्हणाल्या. “तुम्ही चंद्रीच म्हणाला होता.” आणि त्या पुढे सांगत गेल्या. म्हैस पाण्यात उतरली. सुईणीनं पदर कमरेला खोचला आणि तिच्या पाठीवर बसली. नुसती शिंगं आणि सुईणीचं डोकं पाण्याच्या वर दिसत होतं. आत्ता दिसे, आत्ता नाही. नवरा काठानं पळत होता. मध्यावर भोवरा होता. म्हैस तिथे थांबली, फुरफुरली, आणि तिनं आपणच वाट बदलली. माणसाला न कळणारं पाणी जनावराला कळतं. ती खालच्या अंगाला लागली ती थेट धर्मशाळेच्या पायऱ्यांपाशी.

चहा घेऊन आलेली श्यामची बायको दारातच उभी राहिली होती. फोनमधून श्वासाचा आवाज येत होता. गोदाबाई पलंगाच्या कडेला सरकून बसल्या होत्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसासारखं त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं.

“मंग?” त्या म्हणाल्या. “पोचली का वेळेवर?”

“पोचली. ओल्या लुगड्यानंच ती आत गेली. सगळ्यांना बाहेर काढलं. तांबडं फुटायला आणि आतून रडण्याचा आवाज यायला एकच गाठ पडली. दिवस वर आला तसं पाणी उतरलं आणि नवरा चालत नदी ओलांडून आला. दारात उभा राहिला, पण त्याला बोलता येईना. तेव्हा सगुणेनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, मला भूक लागली आहे.”

 गोदाबाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. “जगली थे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “बरं झालं, माय. जगली.”

मग पलीकडून प्राजक्ताचा आवाज आला. आता तो इतका बारीक नव्हता. “काकू, आणि बाळ?”

विमलताईंनी समोर बघितलं. किशोर कपाळाला हात लावून बसला होता आणि त्याचे डोळे भरलेले होते.

“बाळ ना?” त्या म्हणाल्या. “ते आत्ता माझ्यासमोर बसलंय. बेचाळीस वर्षांचं आहे. सकाळी मला गाडी चालवत अकोल्याला घेऊन आलं.”